न भरलेला दंड, न चाललेले नाणे

२ जुलै १९७९ रोजी अमेरिकेतील बँकांमध्ये एक नवे डॉलर नाणे दाखल झाले. नाणी जमविणाऱ्यांच्या जगात अशा दिवसाला सणासुदीचे महत्त्व असते. नवे नाणे आले की सुटे एक-दोन नग घेऊन पक्क्या संग्राहकाचे समाधान होत नाही, तो अख्खा रोल मागतो. डॉलरच्या एका रोलमध्ये पंचवीस नाणी असतात. टांकसाळीतून निघालेली, कोणाच्याही खिशात न खुळखुळलेली, झळाळी जशीच्या तशी असलेली ही नाणी कागदी वेष्टणात एकावर एक रचलेली असतात. त्यातील एखादे निराळ्या घडणीचे निघेल, निदान पुढेमागे भाव तरी येईल, या आशेने त्या काळी असंख्य अमेरिकनांनी हे रोल घेतले आणि टेबलाच्या खणात जपून ठेवले.

या नाण्यावर एका वयस्क स्त्रीचा चेहरा होता. केस मागे घट्ट बांधलेले, जबडा करारी, नजर उजवीकडे. अमेरिकेच्या नाण्यांवर त्यापूर्वीही स्त्रिया झळकल्या होत्या, पण त्या स्वातंत्र्यदेवतेच्या काल्पनिक प्रतिमा होत्या. रोजच्या व्यवहारातील नाण्यावर खरोखर जगून गेलेल्या स्त्रीची मुद्रा उमटण्याची ही पहिलीच वेळ होती. तिचे नाव सुझन बी. अँथनी.

योगायोग असा, की ज्या सरकारने हे नाणे पाडले त्याच सरकारच्या न्यायालयाने १०६ वर्षांपूर्वी या बाईंना शंभर डॉलरचा दंड ठोठावला होता. मतदान करण्याचा गुन्हा त्यांनी केला होता. तो दंड त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही. पैशाचा आणि स्त्रीच्या स्वातंत्र्याचा संबंध त्यांनी लहानपणापासून इतक्या जवळून पाहिला होता, की त्यांचे सारे आयुष्य डॉलरच्या हिशेबातही सांगता येते.

तीन डॉलरची कमाई

सुझन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८२० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅडम्स या गावी झाला. वडील डॅनिअल अँथनी हे क्वेकर पंथाचे. या पंथात स्त्रियांनाही सभेत बोलण्याची मुभा होती आणि गुलामगिरी पाप मानली जात असे. डॅनिअल यांचा सूतगिरणीचा व्यवसाय होता. सुझन सहा वर्षांची असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील बॅटनव्हिल येथे गेले. तेथील शाळेत शिक्षकाने मुलीला मोठा भागाकार शिकविण्याचे नाकारले. मुलींना एवढ्या गणिताचा उपयोग काय, अशी त्या काळची समजूत होती. डॅनिअल यांनी वाद न घालता आपल्या मुलांना शाळेतून काढले आणि घरीच शाळा सुरू केली.

गिरणीतील एक कामगार स्त्री आजारी पडली तेव्हा तिच्या जागी काम करण्याची हौस सुझन आणि तिच्या बहिणीला वाटली. आईचा विरोध होता. वडिलांनी परवानगी दिली, पण एकीलाच. चिठ्ठी सुझनच्या नावाची निघाली. दोन आठवड्यांच्या कामाचे तीन डॉलर मिळाले ते दोघी बहिणींनी वाटून घेतले आणि सुझनने आपल्या वाट्यातून आईसाठी कप आणले. ही तिची पहिली कमाई. गिरणीतील एका अनुभवी कामगार स्त्रीला मुकादमापेक्षा अधिक कळते, मग मुकादम तिलाच का करीत नाहीत, हा प्रश्नही त्याच सुमारास तिने वडिलांना विचारला होता. सुधारक विचारांच्या वडिलांकडेही त्याचे पटण्याजोगे उत्तर नव्हते.

१८३७ साली अमेरिकेत मोठे आर्थिक अरिष्ट आले. बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या आणि अँथनी कुटुंबाचे दिवाळे वाजले. घरातील सामानाचा लिलाव पुकारला गेला. त्या यादीत आईला लग्नात मिळालेल्या वस्तूही होत्या. विवाहित स्त्रीची मालमत्ता ही कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे नवऱ्याच्या कर्जापायी तिचीही चीजवस्तू जाणार हे ओघाने आले. मामा जोशुआ रीड यांनी लिलावात बोली लावून त्या वस्तू सोडविल्या आणि बहिणीला परत केल्या. पुढे आईला माहेरचा वारसा मिळाला तेव्हाही तो तिच्या नावावर करता येईना. तसे केले असते तर नवऱ्याच्या सावकारांनी तो ओढून नेला असता. मामांनी ती रक्कम स्वतःच्या नावावर ठेवली आणि १८४५ साली त्यातूनच रॉचेस्टरजवळ शेतजमीन घेण्यात आली. आईच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर आईचे नाव लागू शकत नव्हते. सुझन यांनी पुढे ज्या कायद्याविरुद्ध रान उठविले, तो त्यांनी असा घरातच पाहिला होता.

मास्तरीणबाईंचा पगार

घरच्या परिस्थितीमुळे सुझन शिक्षिका झाल्या. १८४६ ते १८४९ या काळात कॅनाजोहरी येथील शाळेत मुलींच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. काम तेच, तास तेवढेच, पण पुरुष शिक्षकाच्या तुलनेत वेतन फारच तोकडे. १८५३ मध्ये रॉचेस्टर येथे राज्यातील शिक्षकांची परिषद भरली. सभागृहात बहुसंख्य शिक्षिकाच होत्या, पण बोलत होते ते सारे पुरुष. शिक्षकी पेशाला वकिली किंवा वैद्यकीसारखा मान का मिळत नाही, असा चर्चेचा विषय होता. सुझन बोलण्यासाठी उभ्या राहिल्या. बाईला बोलू द्यावे की नाही यावर पुरुष सभासदांनी अर्धा तास खल केला आणि तोवर त्या उभ्याच होत्या. परवानगी मिळताच त्यांनी मोजक्या शब्दांत मुद्दा मांडला. वकील, डॉक्टर किंवा धर्मोपदेशक होण्याइतकी बुद्धी स्त्रीला नाही, पण शिक्षिका होण्यापुरती आहे असे समाज मानतो. मग हा पेशा पत्करणारा प्रत्येक पुरुष आपली बुद्धी स्त्रीपेक्षा अधिक नाही, हेच कबूल करीत असतो. शिवाय स्वस्तात राबणाऱ्या स्त्रियांशी स्पर्धा असल्यामुळे पुरुषांचे वेतनही वाढत नाही. परिषदेत खळबळ उडाली.

त्यापूर्वीच, १८५१ साली, सेनेका फॉल्स येथे त्यांची एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्याशी ओळख झाली होती. अमेरिकेतील स्त्रीहक्कांची पहिली परिषद १८४८ मध्ये भरविणाऱ्यांपैकी स्टँटन या एक प्रमुख. या दोघींची मैत्री अर्धशतक टिकली. स्टँटन संसारी होत्या, पुढे सात मुलांच्या आई झाल्या. त्यांना घर सोडून हिंडता येत नसे. सुझन अविवाहित होत्या. एकीने लिहावे आणि दुसरीने ते गावोगाव जाऊन मांडावे, अशी वाटणी झाली. स्टँटनबाईंना निवांतपणे लिहिता यावे म्हणून सुझन त्यांच्या घरी मुलेही सांभाळीत.

सुरुवातीला सुझन यांचे काम दारूबंदीच्या चळवळीत होते. १८५२ मध्ये ऑल्बनी येथील दारूबंदी परिषदेत स्त्रियांनी फक्त ऐकावे, बोलू नये, असे बजावण्यात आले तेव्हा त्या सभात्याग करून बाहेर पडल्या आणि स्त्रियांची स्वतंत्र संघटना उभारली. मात्र हिंडताना त्यांच्या लक्षात आले, की खेड्यापाड्यांतील अशा संघटना काही महिन्यांत मोडतात. कारण साधे होते. वर्गणी द्यायला, प्रवास करायला, सभागृहाचे भाडे भरायला बायकांच्या हातात पैसाच नव्हता. कमावलेली मजुरीही नवऱ्याच्या मालकीची.

मग त्यांनी मोर्चा मालमत्तेच्या कायद्याकडे वळविला. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये विवाहित स्त्रियांना वारशाने आलेल्या मालमत्तेवर हक्क दिला होता, पण स्वकमाईवर नाही. १८५४ पासून सुझन यांनी सह्यांची मोहीम उघडली. ऐन हिवाळ्यात, बर्फातून घोड्यांच्या घसरगाडीने प्रवास करीत त्यांनी राज्यातील बहुतेक सारे जिल्हे पालथे घातले. दारे तोंडावर बंद झाली, सभांत टवाळी झाली. अखेर १८६० साली कायदा झाला. स्वतःची मजुरी स्वतःकडे ठेवण्याचा, करार करण्याचा आणि न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार न्यूयॉर्कमधील विवाहित स्त्रीला मिळाला. हे सारे ज्यांनी घडवून आणले त्या स्वतः अविवाहित होत्या, म्हणजे त्यांना वैयक्तिक लाभ काहीच नव्हता.

एका डॉलरला विकलेले वर्तमानपत्र

गुलामगिरीविरोधी चळवळीतही सुझन अग्रभागी होत्या. यादवी युद्धाच्या काळात, गुलामगिरी घटनेनेच संपवावी या मागणीसाठी त्यांच्या संघटनेने सुमारे चार लाख सह्या जमविल्या. युद्ध संपले, गुलामगिरी गेली. आता कृष्णवर्णीयांबरोबर स्त्रियांनाही मताधिकार मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत मतदाराच्या संदर्भात पुरुष हा शब्द प्रथमच घालण्यात आला आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली, पण स्त्रियांचा उल्लेख टाळला.

याच काळात सुझन यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण घडले. जुन्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना थांबण्याचा सल्ला दिला, तेव्हा चिडलेल्या सुझन आणि स्टँटन यांनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या धनाढ्य गृहस्थाची मदत घेतली. ट्रेन स्त्रियांच्या मताधिकाराचे समर्थक होते, पण कृष्णवर्णीयांविषयी उघड तुच्छता बाळगीत. पंधराव्या दुरुस्तीला विरोध करताना अशिक्षित पुरुषांपेक्षा सुशिक्षित स्त्रिया मताला अधिक लायक आहेत, अशी भाषाही या गोटातून झाली. रॉचेस्टरचे शेजारी आणि जुने स्नेही फ्रेडरिक डग्लस त्यामुळे दुखावले. स्त्रीहक्कांची चळवळ १८६९ मध्ये दुभंगली ती वीस वर्षे सांधली गेली नाही. डग्लस यांच्याशी मैत्री पुढे पूर्ववत झाली, तरी हा डाग इतिहासकारांनी पुसलेला नाही आणि पुसण्याचे कारणही नाही.

ट्रेन यांच्या पैशावर ८ जानेवारी १८६८ रोजी न्यूयॉर्कहून ‘द रेव्होल्यूशन’ हे साप्ताहिक निघाले. समान कामाला समान वेतन, घटस्फोट, कामगार स्त्रियांच्या संघटना असे विषय त्यात निर्भीडपणे येत. फसव्या औषधांच्या जाहिराती सुझन घेत नसत. परिणाम व्हायचा तोच झाला. ट्रेन यांचा हात लवकरच आखडला आणि तोटा वाढत गेला. मे १८७० मध्ये सुझन यांनी हे पत्र दुसऱ्या संपादिकेच्या हवाली केले. विक्रीची किंमत ठरली अवघा एक डॉलर. पत्राचे दहा हजार डॉलरचे कर्ज मात्र त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले.

दिवाळखोरी जाहीर करण्याचा मार्ग मोकळा होता. पण वडिलांचे दिवाळे पाहिलेल्या मुलीला तो पसंत नव्हता. बायकांना धंदा जमत नाही, असे म्हणण्याची संधी विरोधकांना देण्याचीही इच्छा नव्हती. त्यांनी मानधन घेऊन व्याख्याने देण्यास सुरुवात केली. आगगाडीच्या थंडगार डब्यांत रात्री काढल्या, आडगावच्या खाणावळींत राहिल्या. १ मे १८७६ रोजी, सहा वर्षांनी, शेवटचा डॉलर फिटला.

शंभर डॉलरचा दंड

या कर्जफेडीच्या मधल्याच काळात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेली घटना घडली. चौदाव्या दुरुस्तीनुसार अमेरिकेत जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. नागरिक आहे म्हणजे तिला मताचा हक्क आहे, असा युक्तिवाद चळवळीने पुढे आणला होता. १ नोव्हेंबर १८७२ रोजी सुझन आपल्या बहिणींसह रॉचेस्टरमधील मतदारनोंदणी केंद्रावर गेल्या. हे केंद्र एका केशकर्तनालयात होते. तेथील तरुण अधिकाऱ्यांपुढे त्यांनी घटनेतील कलम वाचून दाखविले, नोंदणी नाकारल्यास न्यायालयात खेचण्याचा इशारा दिला आणि खटल्याचा खर्च आला तर आपण सोसू अशी हमीही दिली. नावे नोंदली गेली. ५ नोव्हेंबरला सुझन आणि त्या प्रभागातील आणखी चौदा स्त्रियांनी अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केले.

१८ नोव्हेंबर रोजी केंद्र सरकारचा अधिकारी त्यांच्या घरी अटकेसाठी आला. पुढे जामीन देण्यास सुझन यांनी नकार दिला. तुरुंगात गेल्यास प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेता येईल असा त्यांचा हिशेब होता. त्यांचे वकील हेन्री सेल्डन यांना मात्र एका सभ्य स्त्रीने तुरुंगात बसावे हे पाहवेना. त्यांनी परस्पर जामीन भरला. सद्‌भावनेने केलेल्या या कृतीने वरच्या न्यायालयाची एक वाट बंद झाली.

खटला उभा राहीपर्यंत सुझन यांनी मन्रो काउंटीतील एकोणतीसही टपाल विभागांत सभा घेतल्या. ज्युरीत बसणारे लोक याच गावांतून येणार, हे उघड होते. सरकारी वकिलांनी खटला शेजारच्या काउंटीतील कॅनन्डेग्वा येथे हलवून घेतला. सुझन यांनी तेथील गावेही पिंजून काढली.

१७ जून १८७३ रोजी सुनावणी सुरू झाली. न्यायासनावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वॉर्ड हंट होते. स्वतःच्या बचावासाठी साक्ष देण्यास आरोपी अपात्र आहे, असे ठरविण्यात आले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद संपताच न्यायमूर्तींनी आधीच लिहून आणलेले निकालपत्र वाचले आणि ज्युरीला दोषी ठरविण्याचा आदेश दिला. बारा पुरुषांपैकी एकालाही तोंड उघडण्याची संधी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी, शिक्षा सुनावण्यापूर्वीचा उपचार म्हणून, न्यायमूर्तींनी आरोपीला काही सांगायचे आहे का असे विचारले. तो प्रश्न त्यांना महागात पडला. सुझन बोलत राहिल्या आणि न्यायमूर्ती खाली बसा असे वारंवार सांगत राहिले. ज्या कायद्याने मला शिक्षा होत आहे तो पुरुषांनी केलेला, पुरुषांनी चालविलेला आणि पुरुषांच्या सोयीचा आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

दंड ठरला शंभर डॉलर आणि खटल्याचा खर्च. आपल्या डोक्यावर वर्तमानपत्राचे कर्ज आहे, त्यातील पै न पै फेडू, पण या अन्याय्य दंडातील एक डॉलरही देणार नाही, असे सुझन यांनी भर न्यायालयात सांगितले. दंड वसूल होईपर्यंत कैद, असा आदेश देणे न्यायमूर्तींनी टाळले. तसा आदेश दिला असता तर अपिलाचा मार्ग खुला झाला असता. देणे असलेले दहा हजार त्यांनी फेडले, आणि देणे नसलेले शंभर कधीच दिले नाहीत. १८ ऑगस्ट २०२० रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना मरणोत्तर माफी जाहीर केली, तेव्हा रॉचेस्टर येथील त्यांच्या घरात असलेल्या संग्रहालयाने ती नम्रपणे नाकारली. माफी स्वीकारणे म्हणजे गुन्हा मान्य करणे, आणि गुन्हा तर त्यांनी कधीच मान्य केला नव्हता.

अखेरची पुंजी

पुढील तीन दशके सुझन यांनी वर्षाकाठी पाऊणशे ते शंभर भाषणे दिली. १८७८ मध्ये सिनेटर आरन सार्जंट यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये मांडली. ती फेटाळली गेली तरी पुन्हा पुन्हा मांडली जात राहिली. स्टँटन आणि माटिल्डा जोसलिन गेज यांच्यासह त्यांनी चळवळीच्या इतिहासाचे जाडजूड खंड सिद्ध केले. एका हितचिंतक स्त्रीने मृत्युपत्राद्वारे ठेवलेली मोठी रक्कम हाती आली, ती त्यांनी या खंडांवर खर्च केली आणि शेकडो संच ग्रंथालयांना फुकट पाठविले.

१८८८ मध्ये त्यांच्या संघटनेने वॉशिंग्टन येथे स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद बोलाविली. त्या वेळी पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या फिलाडेल्फियाला आल्या होत्या आणि विधवांच्या शाळेसाठी निधी जमवीत देशभर हिंडत होत्या. या परिषदेत त्याही सहभागी झाल्या. मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेवरील ग्रंथातून तेथील स्त्रियांच्या स्थितीची आणि संघटित कार्याची ओळख मराठी वाचकाला झाली.

१९०० साली रॉचेस्टर विद्यापीठाने मुलींना प्रवेश देण्यासाठी पन्नास हजार डॉलर उभे करण्याची अट घातली. मुदत संपण्याच्या सुमारास आठ हजार डॉलर कमी असल्याचे सुझन यांना कळले. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धेने भाड्याच्या बग्गीतून दिवसभर शहरातील ओळखीच्या घरांचे उंबरे झिजविले. बहीण मेरी यांनी दोन हजार दिले. शेवटचे दोन हजार जमेनात तेव्हा सुझन यांनी स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम तारण म्हणून देऊ केली. विद्यापीठाचे दरवाजे मुलींना उघडले. या धावपळीनंतर त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला.

१३ मार्च १९०६ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी, रॉचेस्टर येथील मॅडिसन स्ट्रीटवरील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. तोवर अमेरिकेतील अवघ्या चार राज्यांत स्त्रियांना पूर्ण मताधिकार होता. त्यांनी १८७२ मध्ये टाकलेले मत सोडले तर अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना कधीच मत देता आले नाही. सार्जंट यांनी मांडलेलीच घटनादुरुस्ती, शब्दही न बदलता, ऑगस्ट १९२० मध्ये संमत झाली. त्या वर्षी सुझन यांची जन्मशताब्दी होती.

रोलमध्ये अडकलेला डॉलर

आता पुन्हा त्या नाण्याकडे. १९७० च्या दशकातील आयझेनहॉवर डॉलर ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि बावीस ग्रॅमहून जड होता. खिसे फाटतात अशी तक्रार होती. त्याहून लहान डॉलर हवा होता. टांकसाळीचे मुख्य शिल्पकार फ्रँक गॅस्पारो यांनी मोकळ्या केसांच्या स्वातंत्र्यदेवतेचे सुबक चित्र तयार केले. काँग्रेसमधील स्त्री सदस्यांनी आणि सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी काल्पनिक देवतेऐवजी खऱ्या स्त्रीचा आग्रह धरला. १० ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. गॅस्पारो यांच्या पहिल्या रेखाटनातील तरुण सुझन फारच देखण्या दिसतात, असा आक्षेप त्यांच्याच घराण्यातील एका वंशज स्त्रीने घेतला. मग चेहरा वयस्क आणि करारी करण्यात आला.

घोटाळा झाला तो आकारात. नवा डॉलर २६.५ मिलिमीटरचा आणि पाव डॉलरचे नाणे २४.३ मिलिमीटरचे. दोन्हींचा रंग एकच, कडा दोन्हींच्या खाचांच्या. घाईत पाव डॉलर समजून लोक डॉलर देऊन बसत. आधी हे नाणे अकरा कोनांचे करण्याचा विचार होता. पण नाणी टाकून वस्तू देणारी यंत्रे ते स्वीकारणार नाहीत, असा आक्षेप आला. मग अकरा कोन केवळ आतल्या चौकटीत उरले. कागदी डॉलर चालूच असल्याने नाणे वापरण्याची कोणाला गरजही नव्हती. १९७९ मध्ये तब्बल ७५ कोटी ७० लाखांहून अधिक नाणी पाडली गेली. १९८० मध्ये संख्या नऊ कोटींवर आली आणि १९८१ ची नाणी केवळ संग्राहकांच्या संचांसाठी निघाली. त्यानंतर छपाई थांबली आणि कोट्यवधी नाणी सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली.

संग्राहकांचे गणितही यातच अडले. दुर्मीळतेला भाव येतो आणि येथे तर नाण्यांचा पूर आलेला. १९७९ च्या कोऱ्या रोलला इतक्या वर्षांनीही दर्शनी किमतीहून फारसे अधिक मिळत नाही. अपवाद एका प्रकाराचा. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्याच वर्षी मध्येच ठसा बदलून काठ रुंद केला, त्यामुळे सन काठाला जवळजवळ टेकलेला दिसतो. ही नाणी कमी निघाली आणि त्यांना चांगली किंमत येते. जुना रोल फोडून भिंगाखाली एकेक नाणे तपासण्यात संग्राहकांना आजही रस वाटतो तो यासाठी.

गंमत म्हणजे नाण्याची हेटाळणी करणाऱ्या यंत्रयुगानेच त्याला दुसरा जन्म दिला. शहरी बस, भुयारी रेल्वे आणि टपाल तिकिटांच्या यंत्रांत हळूहळू त्याचा वापर वाढला आणि साठा आटला. सोनेरी रंगाचा नवा डॉलर २००० मध्ये येणार होता, पण तोवर धीर धरणे शक्य नसल्याने १९९९ मध्ये सुझन अँथनी डॉलर पुन्हा पाडावा लागला. त्याची चार कोटींहून अधिक नाणी निघाली.

पुढच्या डॉलर नाण्यांचे भाग्यही फारसे वेगळे ठरले नाही. सोनेरी नाण्यावर सॅकाजविया ही मूळ अमेरिकी स्त्री आली. २००७ पासून माजी अध्यक्षांची मालिका सुरू झाली. त्यातील पहिले नाणे १५ फेब्रुवारीला, म्हणजे नेमके सुझन यांच्या जन्मदिनी, बाजारात आले. कडेवरील अक्षरे उमटायची राहून गेलेली काही नाणी सापडताच रोल विकत घेण्याची झुंबड उडाली. टांकसाळ दर्शनी किमतीत घरपोच नाणी देऊ लागली, तेव्हा काही हुशार ग्राहकांनी क्रेडिट कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागविली, ती थेट बँकेत भरली आणि मोफत विमानप्रवासाचे गुण पदरात पाडून घेतले. जुलै २०११ मध्ये कार्डावरील विक्री बंद झाली. त्याच वर्षाअखेर, एक अब्जाहून अधिक नाणी तिजोऱ्यांत पडून असल्याचे पाहून, चलनासाठी अध्यक्षांचे डॉलर पाडणेही सरकारने थांबविले. त्यानंतर डॉलर नाणी निघतात ती मुख्यतः संग्राहकांसाठीच.

सुझन अँथनी डॉलर अपयशी नाणे म्हणून ओळखला जातो. व्यवहाराच्या हिशेबाने ते खरेही आहे. पण ते आजही कायदेशीर चलन आहे, आणि अशी शंभर नाणी म्हणजे चार रोल होतात. त्यांच्यावर ठोठावलेल्या दंडाची रक्कम नेमकी तेवढीच. तो दंड मात्र दीडशे वर्षे उलटली तरी सरकारजमा झालेला नाही.